वस्ताद, पंच आणि जुने पैलवान : सोलापुरात यांचा मान राखायचा कसा?

पार्कचौक | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

आमच्या आप्पांना जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आईने त्यांची लोखंडी ट्रंक उघडायला लावली. वर घडी घातलेला लंगोट, त्याखाली पितळी शिट्टी, मनगटाला बांधायच्या दोन पट्ट्या, एक लाल, एक निळी, दोन्ही घामाने विटलेल्या. नियमांची पुस्तिका, तिच्या समासात पेन्सिलीच्या खुणा. जत्रेतल्या कुस्त्यांच्या पत्रकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा. आणि सगळ्यात खाली एक दोनशे पानी वही.

आप्पा नावाजलेले पैलवान नव्हते. पोरवयात नारळावरच्या कुस्त्या केल्या, मग अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या जत्रांत पन्नास-शंभर रुपयांच्या. पुढे चांगली जोड मिळायला लागली तेवढ्यात गुडघा गेला. वस्ताद म्हणाले, "तुला डाव कळतो, आता पंच हो." त्यानंतर तीस वर्षांहून जास्त ते पंच होते. गिरणीत दिवसपाळी करायची, भोंगा झाला की घरी येऊन कपडे बदलायचे आणि जत्रेच्या गावाची एसटी धरायची. परत यायला मध्यरात्र. मिळायचं काय? नारळ, टॉवेल, जेवण, कधी जाण्यायेण्याचं भाडं.

आता त्या वहीचं सांगतो. तिच्यात आप्पांनी स्वतःचे चुकलेले किंवा चुकले असतील असे निकाल लिहून ठेवलेत. गाव, कितवी कुस्ती, आणि खाली दोन ओळी. "डावा खांदा टेकला की नाही नीट दिसलं नाही. लोक ओरडले म्हणून हात वर केला. तसं करायला नको होतं." "पोरगं मातीत तोंड घालून रडलं. निकाल बरोबर होता, तरी वाईट वाटलं." अशी चौऱ्याऐंशी पानं भरलीत. घरात आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

हयातीत त्यांचा सत्कार एकदाच झाला. बोलावलं दुपारी चारला. पुढाऱ्यांची भाषणं आणि त्यांचेच सत्कार होईपर्यंत आठ वाजले. आप्पा मागच्या खुर्चीवर बसून राहिले. नाव पुकारलं तेही चुकीचं. शाल खांद्यावर पडायच्या आत पुढचं नाव आलं. आप्पा कुणाला काही बोलले नाहीत. घरी येऊन शाल आईकडे दिली आणि म्हणाले, "पंच होतो एवढं तरी सांगायचं होतं की." ती शाल त्यांनी कधी अंगावर घेतली नाही.

म्हणून हा धागा. आपल्या जिल्ह्याने कुस्तीला काय दिलंय हे इथं सगळ्यांना माहीत आहे. गदा घेणाऱ्याचं नाव राहतं, फलकावर येतं. त्याला शिकवणारा, माती कालवणारा, शिट्टी फुंकणारा, पहाटे चारला तालमीचं कुलूप काढणारा, यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. दर वर्षी दोन-चार जातात. त्यांचा खरा मान राखायचा तर नेमकं काय करायचं? तुमच्याकडे काही कल्पना, आठवणी, कागद असतील तर सांगा.

---

बोरामणी_फाटा | शनिवार, रात्री १०.०२

पार्कचौक, वहीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. ती वही जपा.

आमच्याकडचं सांगतो. बोरामणीच्या शेख घराण्यात महाराष्ट्र केसरीची गदा तीनदा आली. १९८० ला इस्माईल शेख, १९९२ ला अप्पालाल शेख, २००२ ला मुन्नालाल शेख. एका गावात, एका घरात. दर दहा-बारा वर्षांनी गावातलं प्रत्येक पोरगं लंगोट मागायचं. मीही त्यातलाच. ही तीन सालं आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहेत. पण त्या काळात गावात पोरांना धरून बसवणारे, सपाट्या मोजणारे, कुणी आजारी पडला तर त्याच्या घरी दूध पोचवणारे जे म्हातारे होते, त्यांची नावं मला आज आठवून आठवून सांगावी लागतील. दोघांची आठवली, बाकीच्यांची नाही. लाज वाटते.

---

मोळी | शनिवार, रात्री १०.४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सत्कार पोटाला लागत नाही.

मी स्वतः तालमीत नऊ वर्षं काढली. पैलवानाचं आयुष्य तिशीत संपतं. त्यानंतर खुराक बंद होतो पण भूक तीच राहते, शरीर सुटतं, गुडघे आणि मणके बोलायला लागतात, साखर आणि रक्तदाब मागे लागतात. शिक्षण अर्धवट सुटलेलं असतं. माझ्या बरोबरीचे दोघे रात्रपाळीचे रखवालदार आहेत. सरकार मानधन देतं, जानेवारी २०२३ ला कोथरूडच्या मैदानात ते वाढवल्याचंही जाहीर झालं. पण ते मिळायला हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी असावं लागतं, नाहीतर मोठ्या स्पर्धांचे दाखले तरी लागतात. जत्रेत पाचशे कुस्त्या जिंकलेल्याकडे दाखला कुठला? त्याच्याकडे मोडलेले कान आहेत, तेवढेच.

आधी औषधपाण्याची सोय बघा. मग शाल.

---

पार्कचौक | शनिवार, रात्री ११.१५

मोळी, राग कसला, तुमचं खरं आहे. पण त्यातच एक दुवा आहे बघा. दाखला नाही म्हणून मानधन नाही, आणि कुणी लिहून ठेवलं नाही म्हणून दाखला नाही. आप्पांच्या ट्रंकेतली ती पत्रकं मी काल रात्री पसरून बसलो. प्रत्येक पत्रकावर जोड, दोघांची गावं, तालमी, वस्ताद, इनामाची रक्कम, पंचांची नावं आहेत. कागद तांबूस झालाय, घडीवर फाटतोय, पण अक्षर वाचता येतं. असे गठ्ठे जिल्ह्यात पन्नास घरांत असतील. ते एकत्र आले तर जत्रेत लढलेल्या माणसाचीही कारकीर्द कागदावर मांडता येईल. मी मान म्हणतो तो इथून सुरू होतो.

---

तुळजापूर_वेस | रविवार, सकाळी ७.३०

सोलापूरची एक गोष्ट बाहेरच्यांना समजत नाही. आपल्याकडे गणपती मंडळाच्या नावात तालीम असते. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम. पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, हे मंडळ आहे की आखाडा? त्यांना सांगावं लागतं की आमच्याकडे आधी तालीम होती, मग तिच्या पोरांनी गणपती बसवला. मिरवणुकीतलं लेझीम बघा. शंभर-दोनशे पोरं एका ठेक्यावर वाकतात, उठतात. ते शरीर तालमीतून आलेलं आहे. बैठकीशिवाय तसं लेझीम होत नाही.

माझे चुलते तालमीत हौदाचं, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याचं काम बघायचे. तांबडी माती चाळायची, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालायचा, पायाने मळायची. माती कोरडी पडली तर अंग सोलतं, जास्त ओली झाली तर पाय घसरतो. त्यांना मातीला हात लावल्यावर कळायचं. ते कधी मैदानात उतरले नाहीत. यादी करणार असाल तर खेळाडू, वस्ताद आणि पंच एवढ्यावर थांबू नका, अशा माणसांनाही घ्या.

---

शिट्टीवाला | रविवार, सकाळी ९.४८

मी अजून पंचगिरी करतो, मॅटवर आणि मातीत दोन्हीकडे. नाव सांगत नाही, कारण पुढच्याच आठवड्यात स्पर्धा आहे.

पंचाचं काम काय असतं ते खेळणाऱ्यांनाही नीट माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मॅटवर आम्ही तिघे असतो. एक मॅटवर उभा, एक बाजूला गुण लिहिणारा, आणि तिसरा मॅट चेअरमन. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. वर्तुळाबाहेर पाय गेला तर एक गुण, ताबा घेऊन खाली आणलं तर दोन, मोठी फेक असेल तर चार-पाच. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच थांबते. हे वाचायला सोपं वाटतं. पण पट (पाय धरून पाडायचा डाव) काढला जातोय, वरचा उलटतोय, दोघांचे चार हात आणि चार पाय एकमेकांत अडकलेत, अशा अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की पाठ नव्वद अंशाच्या आत आली की नाही, आणि आली ती कुणाच्या डावाने.

मातीत त्याहून अवघड. तिथं घड्याळ कधी असतं, कधी नसतं. पडद्यावर पुन्हा बघायची सोय नाही. हलगी कानाशी वाजत असते, गाव हौदाच्या कठड्यावर चढलेलं असतं, आणि तुम्ही पालथे पडून खांद्याखाली बोट सरकतंय का ते बघत असता. निकाल दिल्यावर एका बाजूचं गाव तुम्हाला खांद्यावर घेतं, दुसऱ्या बाजूच्या गावातून एसटीपर्यंत चालत जायचं असतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पंचाला लाथ बसली. दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर की चूक यावर राज्यभर महिनाभर बोलणं चाललं, आणि बोलावंच. त्याआधी २०२३ ला कोथरूडला टांग या डावाच्या चार गुणांवरून पंचाला धमकीचा फोन गेला होता. दोन्ही वेळा पैलवानाच्या बाजूने बोलणारे हजारो होते आणि माझंही मन त्या पोरांसाठी तुटलं, कारण वर्षभराची मेहनत एका क्षणावर असते. पण पंच चुकला असला तरी तो माणूस आहे, त्यालाही घर आहे, हे म्हणणारे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

नियम जाणणारा माणूस आपल्या बाजूला नसला तर काय होतं तेही सांगतो. हेलसिंकी, १९५२. खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती करून बाहेर आले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकॉवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नियम जाणणारा एक माणूस बाजूला असता तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता. मी नव्या पंचांना हीच गोष्ट आधी सांगतो.

तुमच्या आप्पांसारखी वही मी ठेवलेली नाही. आजपासून ठेवणार.

---

होटगीरोड | रविवार, सकाळी १०.३०

शिट्टीवाला, दंडवत. तुमचा प्रतिसाद छापून तालमीत लावतो.

---

एकेरी_पट | रविवार, दुपारी १२.०५

खाशाबांचा विषय निघालाय तर दोन गोष्टी जोडतो.

पहिली, त्याच हेलसिंकीत आपले केशव माणगावे ६२ किलो गटात चौथे आले. पदक एका पायरीने गेलं. खाशाबांचं नाव निदान आज घेतलं जातं, १५ जानेवारीला त्यांच्या जन्मदिवशी राज्य क्रीडा दिन होतो. माणगाव्यांचं नाव कुस्ती खेळणाऱ्या किती पोरांना माहीत आहे? ऑलिंपिकमध्ये जगात चौथा, आणि कुणाच्या तोंडी नाही.

दुसरी, खाशाबांना पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ते ना पैलवान, ना वस्ताद. पण त्या पदकात त्यांचं घर आहे. तुळजापूर वेस म्हणतात तसं, यादी मोठ्या मनाने करा.

आणि उशिरा मिळणाऱ्या मानाबद्दल. खाशाबा १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० च्या सुमारास. दादू चौगुल्यांनी १९७४ ला क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणलं, ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०१८ ला. मध्ये चव्वेचाळीस वर्षं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते गेले. म्हणजे तो मान त्यांच्या वाट्याला जेमतेम एक वर्ष आला.

---

मोळी | रविवार, दुपारी १२.४०

चव्वेचाळीस वर्षं. हा आकडा वाचून गप्प झालो.

---

ओक्लाहोमाकर | रविवार, दुपारी ४.१८

मूळचा बाळीवेशीचा, बरीच वर्षं अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात आहे. इथल्या स्टिलवॉटर गावात नॅशनल रेसलिंग हॉल ऑफ फेम आहे, १९७६ ला सुरू झालेलं. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तो मुद्दाम, एका गोष्टीसाठी.

तिथं डॅन गेबलसारखे दिग्गज आहेतच. म्युनिक १९७२ ला गेबलने एकही गुण न गमावता सुवर्ण घेतलं, पुढे आयोवा विद्यापीठाच्या संघाला प्रशिक्षक म्हणून पंधरा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्या एका सन्मानाने. कुस्तीच्या आजीवन सेवेसाठीचा सन्मान. तो प्रत्येक राज्याच्या शाखेकडून दिला जातो, आणि घेणाऱ्यांत शाळेतले प्रशिक्षक असतात, पंच असतात, स्पर्धा भरवणारे असतात. त्यातल्या बहुतेकांची नावं त्यांच्या तालुक्याबाहेर कुणी ऐकलेली नसतात. अट एवढीच, की माणसाने कुस्तीत वर्षानुवर्षं काम केलेलं असावं. समारंभात त्याच्या हातून गेलेले जुने खेळाडू आणि घरची माणसं येतात, तो स्वतः बोलतो, आणि त्याला पुरेसा वेळ मिळतो.

गेल्या खेपेला असाच एक निवृत्त पंच बोलला. मोठा किस्सा वगैरे नाही. त्याने फक्त त्याला गाडीतून स्पर्धेला नेणाऱ्या बायकोचं नाव घेतलं, आणि ज्या पोराच्या कुस्तीत त्याने चुकीचा निकाल दिला होता त्याचं. ते पोरगं आता पन्नाशीचं, सभागृहात बसलेलं होतं. उठून त्याने म्हाताऱ्याला मिठी मारली. पार्कचौक, तुमच्या आप्पांच्या वहीचं वाचलं आणि मला तो प्रसंग आठवला.

आपल्याकडे इमारत लागणार नाही. पण राज्याराज्यातून, जिल्ह्याजिल्ह्यातून नावं वर येण्याची ती रीत घेण्यासारखी आहे.

---

वाघोली_ते_वडाळा | रविवार, संध्याकाळी ६.५०

कल्पना चांगली आहे, पण निवड कोण करणार? कुस्तीत दोन माणसं भेटली की तीन गट होतात. राज्य पातळीवर संघटनांचे वाद आपण बघतोय, एका वर्षात दोन-दोन महाराष्ट्र केसरी. जिल्ह्यात समिती नेमली की पहिल्याच बैठकीत अमक्या तालमीचा तमका का नाही, इथून सुरुवात होईल. मग ज्याचा मान करायचा तोच मधल्यामध्ये दुखावला जाईल. त्यापेक्षा न केलेलं बरं.

---

पार्कचौक | रविवार, रात्री ८.०५

वाघोली, भीती बरोबर आहे. म्हणून मी सुचवतो की पहिली काही वर्षं निवडच करू नये. पहिला-दुसरा नाही, क्रमांक नाही, गदा नाही. ज्याने वीस वर्षं किंवा जास्त कुस्तीसाठी दिली, खेळून, शिकवून, पंच म्हणून, माती कालवून, कशीही, त्याची नोंद व्हावी. सगळ्यांची. नोंदीला मर्यादा नसेल तर भांडण कशावरून होईल?

---

शिट्टीवाला | रविवार, रात्री ८.३०

अनुमोदन. आणि एक भर. प्रशिक्षकांसाठी देशात द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून आहे. पहिल्याच वर्षी ज्या तिघांना मिळाला त्यात कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. खेळाडूंसाठी अर्जुन आहे, आयुष्यभराच्या कामासाठी ध्यानचंद होता. पंचांसाठी राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत स्वतंत्र पुरस्कार नाही. कुठल्याच खेळात नाही. म्हणून जिल्ह्याच्या नोंदीत पंचांचं पान आधी आलं तर मला फार बरं वाटेल.

---

निंबाळ्याची_लेक | रविवार, रात्री ९.२२

मी मुलींना कुस्ती शिकवते. दोन वर्षं हा फोरम वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय.

मी सुरुवात केली तेव्हा तालमीत मुलींना पाय ठेवू देत नव्हते. माझ्या वस्तादांनी काय केलं, तर तालमीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या गाद्या जोडून टाकल्या आणि आम्हा चौघींना तिथं शिकवलं. गावातून बोलणी खाल्ली, त्यांची स्वतःची तालमीतली बसण्याची जागा गेली. त्यांनी आम्हाला हे सांगितलं नाही. मला दहा वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं. मार्च २०२३ ला सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी होऊन प्रतीक्षा बागडीने पहिली गदा उचलली, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून त्या पत्र्याच्या शेडचा विचार करत होते. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती २००४ ला आली. आमच्या गावातल्या शेडमध्ये त्याच सुमारास आली, एका माणसामुळे.

ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, एका डोळ्याने दिसत नाही. शाल नको, हार नको. त्यांच्याकडे जाऊन दोन तास बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. मी सोबत येते.

आणि विनंती, नोंदीत पैलवानांच्या आया-बायकांसाठी एक ओळ ठेवा. पहाटे तीनला बदाम वाटणारा हात त्यांचा असतो.

---

पार्कचौक | रविवार, रात्री ९.४०

ताई, कधी जायचं सांगा. मी येतो.

---

मोळी | रविवार, रात्री १०.१०

मीही येतो. गाडी माझी. आणि औषधपाण्याचं मी सोडलेलं नाही. ज्यांच्याकडे जाऊ त्यांच्या गोळ्या, तपासण्या, सरकारी योजनेचं कार्ड आहे की नाही, हेही त्याच कागदावर लिहून घेऊ. कुठले अर्ज भरायचे ते मला माहीत आहे. एवढं काम मी करतो.

---

एकेरी_पट | सोमवार, सकाळी ८.००

पत्रकं आणि फोटो ठेवायचे कुठे याचा विचार झाला का? कुणाच्या घरी ठेवले तर पुन्हा ट्रंकेतच जातील. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा विद्यापीठात विचारून बघू. मोबाईलवर फोटो काढून मूळ कागद घरच्यांना परत द्यावा, नाहीतर लोक देणार नाहीत. आणि दैनिक "संचार"चे जुने अंक कुणाकडे असतील तर जत्रांच्या दिवसांतले बघा, कुस्त्यांच्या बातम्या सापडतील.

---

पार्कचौक | पुढचा रविवार, रात्री ९.५५

मंडळी, उशीर झाला, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

आज आम्ही चौघे गेलो होतो. ताई, मोळी, शिट्टीवाला (समोरासमोर भेट झाली, आप्पांनी त्यांना पंचगिरीची पहिली परीक्षा द्यायला लावली होती हे तिथं कळलं) आणि मी. वस्ताद ओसरीवर बसले होते, स्वच्छ धोतर, डोक्याला पटका बांधून. ताईंनी पाया पडून सांगितलं की तुमची माहिती लिहून घ्यायला आलोय. म्हणाले, "लिहा. पण माझं नाव चौथं."

आम्हाला कळेना. त्यांनी बोटावर मोजत सांगितलं. आधी त्यांचे वस्ताद, ज्यांनी गिरणीतून सुटल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवलं. मग तालमीत पाणी भरणारी एक बाई, जिने तेवीस वर्षं हौदावर पाणी शिंपडलं आणि जिला कुणी कधी तालमीच्या आत बोलावलं नाही. मग हलगीवाला. हलगीवाल्याबद्दल ते बराच वेळ बोलले. म्हणाले, दमलेल्या पैलवानाला हलगी उठवते, आणि तो हलगीवाला कुणाची दमछाक झाली हे बघून ठेका बदलायचा, दोघांपैकी ज्याला गरज असेल त्याच्यासाठी, गाव कुठलं हे न बघता. ही तिन्ही नावं आम्ही मोठ्या अक्षरात लिहिली, त्यांना वाचून दाखवली, एका नावात त्यांनी दुरुस्ती केली. मग त्यांनी स्वतःचं सांगायला सुरुवात केली. चार तास झाले, अर्धंच झालंय.

मोळींनी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं बघून यादी केली. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी उद्या चौकशी करणार आहेत.

निघताना मी आप्पांची वही त्यांच्या हातात दिली. दिसत नाही म्हणून शिट्टीवाल्यांनी वाचून दाखवली. एका पानावर त्यांच्याच पठ्ठ्याची कुस्ती निघाली. आप्पांनी लिहिलं होतं, बरोबरी दिली, पण दुसऱ्याचा डाव पूर्ण झाला होता. वस्ताद ऐकत राहिले. मग म्हणाले, "आम्हाला त्या दिवशीच माहीत होतं. पोरगं म्हणालं, वस्ताद, मी पडलोय. मी त्याला सांगितलं, पंचांनी दिलंय ते घे आणि पुढच्या जत्रेला त्याच्याशीच जोड माग."

पुढच्या रविवारी दुसऱ्या गावाला जायचंय, गाडीत एक जागा आहे. त्या हलगीवाल्यांचा मुलगा वैरागकडे कुठेतरी असतो असं वस्ताद म्हणाले. कुणाला पत्ता माहीत असेल तर इथं उघड लिहू नका, मला निरोपातून कळवा.